पिसांचा तपास

१२ मार्च

कोंबड्यांच्या मालकीणबाईंस,

हे पत्र मी बायकोला लिहीत नाही. बायको तिच्या ताईकडे गेली आहे. ती माझा फोन उचलत नाही, आणि ताईंनी उचलला तर त्या भर सकाळी अकरा वाजता 'ती झोपलीय' म्हणून सांगतात. तेव्हा बायकोला त्रास द्यायचा माझा मुळीच विचार नाही. हे पत्र घरामागच्या खुराड्यातल्या पाच कोंबड्यांच्या मालकिणीला आहे आणि निव्वळ कामाचं आहे.

काम असं, की फौजदारीणबाईंच्या मानेवरची पिसं जरा विरळ झाली आहेत. फार नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण माझा सगळा जन्म लोकांची डोकी बघण्यात गेला, त्यामुळे विरळ काय नि दाट काय ते मला लांबूनही कळतं. असं होतं का? सहज विचारतोय. उत्तर एका ओळीत दिलंत तरी चालेल.

बाकी इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. दुकान जोरात चाललंय. जेवण वेळेवर होतं. झोप छान लागते. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगून ठेवतो.

आपला,
कोंबड्यांचा तात्पुरता सांभाळकर्ता


२७ मार्च

मालकीणबाई,

पत्राला उत्तर नाही, पण अंड्यांबद्दल ताईंचा फोन मात्र ताबडतोब आला. "भाऊजी, आमच्या बहिणीच्या कोंबड्या अंड्यांवर निळा शिक्का मारायला कधीपासून शिकल्या?" असं त्यांनी विचारलं आणि त्यांच्या मागे कुणीतरी हसलं. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. असो.

तर अंडी दुकानातली होती. आपल्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलंय. तुम्ही भावाबरोबर 'ताईंसाठी अंडी द्या' असा निरोप धाडलात, आता त्याला 'नाहीत' असं कुठल्या तोंडानं सांगणार? आफ्टरशेव्हचा बोळा घेऊन मी एकेक शिक्का पुसत बसलो होतो. एकदोन नजरेतून सुटले असतील. ताईंच्या आम्लेटला लिंबाचा वास आला असेल तर तो त्यामुळे.

आता खरी परिस्थिती सांगतो. फौजदारीणबाईंची मान पार उघडी पडली आहे. विहीणबाई आधीच सदा रुसलेल्या, त्यात आता छातीवर पिसं नाहीत, त्यामुळे भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. बाकीच्या दोघींच्या पाठीवर ठिगळं दिसतात. आणि नवरीची शेपूट... तिच्याकडे नंतर येतो. अंगणात रोज इतकी पिसं पडतात की एखादी उशी फाटली असं वाटावं.

केस गळणं हा माझ्या धंद्याचाच विषय. गिऱ्हाईक खुर्चीत बसून रडवेलं होतं तेव्हा आपण काय करतो? तेलानं मालिश. म्हणून मी एकेकीला मांडीवर घेतलं आणि चांगलं बोटांच्या टोकांनी तेल चोळलं. फौजदारीणबाईंनी मला तीन ठिकाणी चोच मारली, तरी मी हात आखडता घेतला नाही. तेल लावून सोडल्याबरोबर पाचही जणी मातीत जाऊन लोळल्या. कोंबड्या मातीत लोळतात हे मला माहीत होतं आणि तेलाला माती चिकटते हेही माहीत होतं, पण या दोन गोष्टींची गाठ माझ्या डोक्यात आधी पडली नाही. आता त्या नुकत्या शेतातून उपटलेल्या रताळ्यांसारख्या दिसतात.

नवरीच्या शेपटीचं असं झालं, की डावीकडे पिसं पूर्ण होती आणि उजवीकडे निम्मी. एका अंगाला कललेलं काही मला बघवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मी सरळ करतो. मी कात्री आणली. डावीकडून थोडं घेतलं, मग उजवीकडून थोडं, मग पुन्हा डावीकडून थोडं. शेपूट आता दोन्हीकडे अगदी सारखी आहे. म्हणजे दोन्हीकडे नाही.

तुम्ही रागावणार, मला कल्पना आहे. रागवायला तरी फोन उचला.

आपला,
सांभाळकर्ता


९ एप्रिल

मालकीणबाई,

काल तुमचा भाऊ दाढीला आला होता. मी साबण लावला, वस्तरा उघडला, गळ्यापाशी पोचलो, तर तो म्हणतो, "भाऊजी, महिनाअखेरीस टेम्पो घेऊन येतो. पिंजरा माझ्याकडे आहे. तिनं कोंबड्या मागवल्यात."

"कशाला?" मी म्हटलं.

"आता तिकडेच राहायचं म्हणतेय."

वस्तरा गळ्यावर असताना माझा हात आजवर कधी थांबला नव्हता. काल थांबला. त्यानंही श्वास रोखून धरला. आम्ही दोघं आरशात एकमेकांकडे बघत होतो. शेवटी तो हळूच म्हणाला, "भाऊजी, मी फक्त निरोप्या आहे हो."

कपडे तू जाताना नेलेसच. आता कोंबड्याही गेल्या, की तुला इथे परत यायला एकही कारण उरत नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. म्हणून सध्या मी एवढंच सांगतो, की कोंबड्या प्रवासाच्या अवस्थेत नाहीत. उघड्यावाघड्या बायकांना टेम्पोत घालून गावभर मिरवणार आहेस का?

(वर मी 'तू' लिहिलंय. खोडत बसत नाही.)

तपास चालू आहे. माझा पहिला संशय फौजदारीणबाईंवर होता. ती बाकीच्यांना टोचते, दाण्यावर आधी जाते, जागा अडवते. म्हणून मी तिला वेगळं केलं. घरात दुसरी जागा नव्हती, तेव्हा दुकानातल्या बेसिनखाली टोपली पालथी घालून ठेवलं. आठवडाभर ती तिथून गिऱ्हाइकांवर नजर ठेवून होती. ते आपले पेन्शनर मास्तर आले, त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "नवीन कारागीर का? पगारावर ठेवलाय की टक्केवारीवर?" एका माणसानं तिच्या मानेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि 'परत येतो' सांगून गेला. अजून यायचा आहे.

तिची पिसं टोपलीतही गळतच राहिली, आणि तिकडे अंगणात ती नसतानाही बाकीच्यांची गळत राहिली. म्हणजे बाई निर्दोष. मी तिला मानानं परत सोडलं. चौघींनी मिळून तिला टोचलं.

मास्तरांनी तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे. ते म्हणाले, "हो, तुम्ही म्हणाला होतातच की, असली काय नि नसली काय, काही फरक पडत नाही म्हणून." मी त्यांच्या तोंडाला एवढा साबण फासला की पुढचं वाक्य आत गेलं.

मी ते म्हणालो तेव्हा तू पडद्यामागे मास्तरांचा चहा घेऊन उभी होतीस. मला माहीत नव्हतं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. अगं, वस्तरा हातात असला की कटिंगवाला काहीही बोलतो. टक्कल पडलेल्याला मी 'अजून भरपूर आहेत' म्हणतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं. त्या दिवशी मास्तर त्यांच्या बायकोची गाऱ्हाणी सांगत होते, मी सुरात सूर मिसळला, एवढंच.

लिहून झाल्यावर हे वाचलं. वाचायला बरं वाटत नाही. पण कागद फाडला तर पोस्टाची वेळ टळेल.

सांभाळकर्ता


२१ एप्रिल

मालकीणबाई,

आज जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी माझी बिनपाण्यानं केली.

आधी त्यांनी एकेकीची पिसं वर करून उवा आणि पिसवा शोधल्या. खुराड्यातल्या दांड्यांच्या फटी काडीनं उकरल्या. काही सापडलं नाही. मग बोटाला तेल लागलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, अनुभव. त्यांनी नवरीला उचललं, मागची बाजू पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पीस म्हणजे केस नव्हे. कापलेलं पीस वाढत नाही. ते पडावं लागतं, मग तिथे नवं येतं. तुम्ही कात्री लांब कुठेतरी ठेवा."

निदान असं, की आजार नाही. कोंबड्या पिसं गाळतायत. जुनी टाकून नवी आणतात, ती यायला सगळी ताकद लागते म्हणून अंडी बंद. चांगलं खायला घाला आणि हात लावू नका. नवी पिसं कोवळ्या नळ्यांसारखी फुटतात, त्यात रक्त असतं, धरलं तर दुखतं. आणि मी रोज त्यांना मांडीवर घेऊन बोटं फिरवत होतो! विहीणबाई मला बघून पळायची ती उगाच नाही. मला वाटायचं, स्वभावच तसा.

जाता जाता डॉक्टर थांबले. म्हणाले, "एक समजत नाही. वर्षातली ही वेळ नव्हे, आणि सगळ्या एकदम कशा? काहीतरी बदललं असणार. खाणं?"

"तेच."

"पाणी? जागा?"

"तीच. इथे काहीही बदललेलं नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

"दाणा तुम्हीच घालता पहिल्यापासून?"

"आधी बायको घालायची."

"मग आता?"

"ती तिच्या ताईकडे असते."

"म्हणजे बदललं की."

"ते कोंबड्यांना कळलेलं नाही," मी म्हटलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे पाहिलं, आणि बॅग उचलली.

मी मुद्दाम विचारून घेतलं, की या अवस्थेत प्रवास झेपेल का? ते म्हणाले, आत्ता नको, पिसं भरली की खुशाल न्या. तेव्हा महिनाअखेरीचं रद्द. तुझ्या भावाला मी कळवलंय. फोनवर माझा आवाज जरा जास्तच खुशीत होता, असं तो तुला सांगेल. त्याचं ऐकू नकोस.

सांभाळकर्ता


४ मे

अगं,

तुझं कार्ड मिळालं. गेल्यापासूनचं पहिलं. मायना नाही, खुशाली नाही, खाली सही नाही. नुसतं, 'रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावता का?'

मला आधी राग आला. म्हटलं, इथे पिसांचा प्रश्न चाललाय आणि हिला विजेच्या बिलाची पडलीय. मग कार्ड घेऊन मागच्या अंगणात गेलो. खुराडं स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे. तिथे उभा राहिलो आणि डोक्यात लख्ख झालं.

नाही लावत. तू गेल्यापासून एकदाही लावला नाही. आता खरं सांगतो. मी स्वयंपाकघरात जातच नाही. दुकानातच पाव आणि चहा घेतो, कधी केळी. झोपतोही दुकानातच. खुर्ची मागे कलते, पाय ठेवायला पट्टी आहे, अंगावर गिऱ्हाइकांचं कापड घेतो. सकाळी मान काडीसारखी ताठलेली असते. मास्तर एकदा लवकर आले, त्यांना वाटलं मी खुर्चीतच गेलो. त्यांनी माझ्या नाकाखाली आरसा धरला होता.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, झालं तर मग! कोंबडी दिवस मोजते तो उजेडावर. उजेड एकदम कमी झाला की तिला वाटतं, मोसम पालटला, पिसं बदला. तुमच्याकडे दिवा उशिरापर्यंत असायचा का? मी म्हटलं, माझं दुकान बंद होईपर्यंत असायचा. का? तर बायको तिथे बसलेली असायची. जेवायची? नाही, जेवायला थांबलेली.

हे मी डॉक्टरांना सांगत होतो आणि सांगता सांगता ऐकत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, तुला भूकच उशिरा लागते. मी कधी विचारलं नाही. रोज आत यायचो, ताट वाढलेलं असायचं, तू समोर बसायचीस, आणि मी आज कोण कोण आलं होतं त्याचा पाढा वाचायचो. तू वाट बघत बसायचीस हे खिडकीबाहेरच्या पाच कोंबड्यांना माहीत होतं. घरात राहून मला नाही.

तू गेलीस आणि त्यांचा दिवस लहान झाला. हे आहे तुझ्या कोंबड्यांच्या पिसांचं कारण. डॉक्टर म्हणतात, तुमच्या बायकोनं तिथे बसून ओळखलं, हुशार आहेत. मी म्हटलं, आहेच.

मला फार वाईट वाटतंय. दुसरं काही सुचत नाही. मास्तरांसमोर मी जे बोललो ते खोटं होतं. इथे सगळाच फरक पडलाय. मला रात्र झाली की दुकान बंद करावंसं वाटत नाही, कारण आत अंधार असतो.

ये ना परत.

तुझा


८ जून

अगं,

तुझं दुसरं कार्डही मिळालं. 'कोंबड्या पाठवा.' दोनच शब्द. पहिल्यात निदान प्रश्नचिन्ह तरी होतं.

मी समजायचं ते समजलो. तरी तब्येतीचं कळवतो. पिसं भरत आली. फौजदारीणबाईंनी मानेला नवी कॉलर चढवलीय आणि ती दाखवत फिरतात. विहीणबाईंची छाती पूर्वीपेक्षा रुंद दिसते. नवरीला मात्र बरेच दिवस शेपटीच्या जागी नुसत्या काड्या होत्या, आता त्या उलगडल्या. शेपूट किंचित डावीकडे कलते. मी बघतो आणि हात पाठीमागे बांधून उभा राहतो.

दिवा आता रोज लावतो. लावला की उगाच जळू नये म्हणून तिथेच बसतो, आणि बसलोच आहे तर भात टाकतो. पहिले काही दिवस तो मलाही ओळखू येत नव्हता. कोंबड्यांनी मात्र कधी नावं ठेवली नाहीत.

तुझ्या भावाचा फोन आला होता. "भाऊजी, पिसं आली ना? मग येऊ ना?" मी 'बघू' म्हणालो. खरं सांगायचं तर मनात एक वाईट विचार आला. म्हटलं, विहीणबाईंची मूठभर पिसं उपटली तर आणखी महिना निघेल. मी खुराड्यापाशी गेलोसुद्धा. ती माझ्याकडे वळली आणि पहिल्यांदाच पळाली नाही. उलट जवळ येऊन माझ्या चपलेवर उभी राहिली. माझी मलाच लाज वाटली. मी दाणे टाकले आणि आत येऊन भावाला फोन केला. पुढच्या रविवारी ये म्हटलं.

कोंबड्या तुझ्या आहेत. त्यांना अडकवून तुला आणायचं हे बरोबर नव्हे.

तुझा


रविवार, १५ जून

अगं,

ही चिठ्ठी तुझा भाऊ तुझ्या हातात देईल. त्याला बजावून ठेवलंय, तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. त्याला हसू आवरत नव्हतं, तेव्हा बोलला तर समजून घे.

सकाळी तो पिंजरा घेऊन आला. मीच एकेकीला धरून आत ठेवलं. चौघी निमूट गेल्या, फौजदारीणबाईंनी मात्र पूर्ण अंगण फिरवलं. दार लावलं, टेम्पोत मागे जागा केली. तर हा म्हणतो, मागे ठेवू नका, मागे खुर्च्या लादल्यात, रस्ता खराब, आपटतील. पुढे सीटवर ठेवू. मी म्हटलं, सीटवर सुटा ठेवलास तर पहिल्याच वळणावर खाली येईल, कुणीतरी धरायला हवं. तो म्हणाला, "मग धरा की."

दुकानात मास्तर साबण लावून बसले होते. आज रविवार, बाकावर माणसं, दारात माणसं. मी दुकान रविवारी कधी बंद ठेवलं नाही, आपल्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळची गिऱ्हाइकं करूनच मी आलो होतो आणि तुझ्या बाबांनी ते मला जन्मभर ऐकवलं. आज मी मास्तरांची दाढी तेवढी पुरी केली, कारण अर्ध्या दाढीनं माणूस सोडणं मला शक्यच नाही, आणि बाकीच्यांना म्हटलं, दुकान बंद. "कधी उघडणार?" सगळ्यांनी एकदम विचारलं. मी म्हटलं, ते मला आज संध्याकाळी कळेल. मास्तर गाल पुसत म्हणाले, "अहो, पण एवढा काय फरक पडतो..." मी म्हटलं, पडतो मास्तर. सगळ्यांसमोर म्हटलं, मोठ्यानं. बाकावरच्या माणसांनाही नीट ऐकू गेलं असेल.

तर मी आता ताईंच्या फाटकाबाहेर टेम्पोत बसलोय. पिंजरा मांडीवर आहे. पायांना मुंग्या आल्यात. सगळा रस्ता विहीणबाई कुरकुरत होत्या, आणि आत्ता, तुझा भाऊ गाडी थांबवून उतरला त्याच क्षणी, त्यांनी पिंजऱ्यात अंडं घातलंय. माझी पँट कोरडी राहिलेली नाही, पण अंडं शाबूत आहे, आणि शिक्का नाही, बघून घे.

कोंबड्या उतरवून घे. त्या तुझ्या, आणि इथेच राहिल्या तरी मी परत मागणार नाही. मी त्यांना पोचवायला म्हणून आलो, असं तुझ्या भावाला सांगितलंय. ते खरं नाही. त्या नसत्या तरी मी आलो असतो. फक्त नुसता यायला मला इतके दिवस धीर झाला नाही.

मला आत यायचंय. तू परत येणार असशील तर सामान उचलायला, आणि येणार नसशील तर ताई बसू देतील तेवढा वेळ तुझ्यासमोर बसायला. आज कोण कोण आलं होतं ते सांगणार नाही. तू बोल, मी ऐकतो.

मला इथून ताईंची खिडकी दिसते. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, खिडकीत येऊन नुसती मान हलव. कुठल्या बाजूनं हलवायची ते तुझं तू ठरव. मी पिंजरा धरून बसलोय.

तुझा